मांधाता : दोन काठांचा देव

ओंकारेश्वरला पहिल्यांदा आलेला यात्रेकरू पुलावर पाय ठेवायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो : खरं ज्योतिर्लिंग कुठलं, पलीकडे बेटावरचं की अलीकडच्या काठावरचं? बेलफुलं विकणारा एक सांगतो, नावाडी दुसरं सांगतो, आणि ज्याला संध्याकाळच्या आत इंदूर गाठायचं असतं तो बेटावरचं दर्शन उरकून गाडीत बसतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत म्हटल्या जाणाऱ्या द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्रात मात्र हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे ओंकार आणि अमलेश्वर ही दोन्ही नावं एका श्वासात येतात आणि मोजताना एकच धरली जातात. बाराचा हिशेब जुळतो तो त्यामुळेच.

हे पुस्तक लिहायला घेतलं ते या एका गोष्टीपाशी थांबून. इथला देव दोन काठांवर वसला आहे आणि मधून नर्मदा वाहते. बेटावर ओंकारेश्वर, दक्षिण काठावर अमलेश्वर. लोक त्याला ममलेश्वर म्हणतात, जुन्या लेखांत तो अमरेश्वर आहे. एका काठावरचं दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या पदरात अर्धी यात्रा पडते, असं तिथले जुने लोक सांगतात. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की दोन्ही देवळं पाहूनही नदीकडे पाठ केली, तर अर्धीसुद्धा पडत नाही. मांधात्याचं माहात्म्य नदीसकट आहे. इथल्या पूजा, इथले नेमधर्म, इथल्या कथा, इथलं दुःखसुद्धा नदीच्या पाण्यातून आलेलं आहे. पुढची सगळी प्रकरणं याच एका म्हणण्याभोवती फिरतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

आधी जागा समजून घेऊ. मध्य प्रदेशातला खंडवा जिल्हा, म्हणजे निमाड. इंदूरपासून सुमारे 75 किलोमीटर. पूर्वेकडून आलेली नर्मदा इथे दुभंगते आणि मध्ये सुमारे 4 किलोमीटर लांबीचं, अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासचं डोंगराळ बेट उरतं. त्यालाच मांधाता म्हणतात, शिवपुरी म्हणतात. समोरच्या दक्षिण काठावर ब्रह्मपुरी आणि विष्णुपुरी अशा दोन टेकड्या आहेत, त्यांच्या मधून कपिलधारेचा ओढा येतो आणि गोमुखातून नर्मदेत पडतो. बेटाच्या दक्षिणेचा प्रवाह खोल, अरुंद आणि कड्यांमध्ये कोंडलेला. त्याच्यावरून आता पूल आहेत, त्यांतला एक झुलता. उत्तरेचा उतार मात्र सौम्य आहे आणि तिथल्या प्रवाहाचं नावच वेगळं आहे : कावेरी.

ही कावेरी दक्षिणेतली नव्हे, निमाडातलीच छोटी नदी. ती बेटाच्या थोडी वर दक्षिणेकडून नर्मदेला मिळते. भाविकांची श्रद्धा अशी की ती मिळूनही मिसळत नाही. एवढ्या मोठ्या नदीचं पाणी आडवं कापून ती पलीकडे जाते, बेटाला उत्तरेकडून वळसा घालते आणि पश्चिम टोकाला खऱ्या अर्थाने नर्मदेला भेटते. तोच संगम. पाण्याचं शास्त्र शिकलेल्या माणसाला हे पटायचं नाही आणि पटावं असा आग्रहही नको. पण एकाच नदीचे दोन फाटे आहेत एवढ्यावर इथल्या लोकांचं समाधान झालं नाही, आपल्या बेटाला दोन नद्यांनी कवेत घ्यावं असं त्यांना वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. बेटाचा आकार ॐ सारखा आहे असंही सांगतात. डोंगराला मधोमध चिरत गेलेली घळ पाहिली की ती कल्पना कुठून आली असेल हे कळतं.

पुराणकथा बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात. नारदाने विंध्याजवळ मेरूची थोरवी सांगितली. विंध्याला ते लागलं आणि त्याने इथे पार्थिव लिंग करून शिवाची आराधना केली. देव प्रसन्न झाला, आणि देवांच्या व ऋषींच्या विनंतीवरून एका लिंगाची दोन झाली. दुसरी कथा इक्ष्वाकुवंशातल्या मांधाता राजाची. त्याने या डोंगरावर तप केलं आणि बेटाला त्याचं नाव लागलं. या कथांत एक बारकावा नजरेतून निसटू नये. विंध्याने पुजलेलं लिंग मातीचं आहे. शिवपुराणातल्या कथेतली ही माती इथल्या प्रत्यक्ष पूजेत कशी टिकून राहिली, ते पुढे येईलच.

बेटावरचं ओंकारेश्वराचं देऊळ नदीच्या अंगावर कड्याला चिकटून उभं आहे. आत शिरल्यावर कोरीव दगडी खांबांचा सभामंडप लागतो. गर्दी रेटत असते, पण जमेल तितकं थांबून हे खांब पाहावेत. रंगाच्या आणि तेलाच्या थरांखालीही त्यांची घडण लपत नाही. मग गाभारा. इथे बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया गोंधळाची असते, कारण लिंग समोर दिसत नाही. ते शिखराच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे. ज्या दिशेला मान वळवायची सवय असते तिथे ते नसतंच. जवळ गेल्यावर दिसतो तो लहानसा, अनगड, टाकी न लागलेला दगड, आणि मागे पार्वतीची चांदीची मूर्ती. याची कारणं अनेक जण अनेक सांगतात. मला त्यांतलं सर्वांत साधं पटतं : देव आधी होता, देऊळ नंतर आलं, आणि बांधणाऱ्यांनी देवाला जागचं हलवलं नाही.

देऊळ वर पाच मजले चढत जातं आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा शिव आहे. ओंकारेश्वरावर महाकालेश्वर, त्यावर सिद्धनाथ, मग गुप्तेश्वर, आणि सगळ्यांत वर ध्वजाधारेश्वर. एका देवळात पाच देवळं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. बहुतेक भाविक तळातूनच परततात. वरच्या मजल्यांवर तुलनेने शांतता असते आणि तिथून नदी दिसते.

शयन आरतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रात्री आरती झाली की गाभाऱ्यात शिव-पार्वतीसाठी शेज घालतात आणि सारीपाट मांडतात. पट पसरलेला, सोंगट्या लावलेल्या, फासे ठेवलेले. मग दार बंद होतं ते पहाटेपर्यंत. दिवसभर कुठेही भ्रमण केलं तरी देव रात्रीच्या विश्रांतीला ओंकारेश्वरातच येतो, अशी श्रद्धा आहे. सारीपाट मांडणाऱ्या पुजाऱ्याचे हात मी जवळून पाहिले आहेत. सोंगट्या घरात ठेवताना तो एकही हालचाल घाईने करत नाही, एखाद्या घरी वडीलधारी माणसं खेळायला बसणार असावीत इतक्या सहजपणे मांडतो. उज्जैनच्या महाकालाची भस्मारती पाहायला सगळा देश जातो, आणि ते योग्यच आहे. पण भस्मातून उठणारा तो देव इथे गृहस्थ होऊन बायकोबरोबर खेळायला बसतो, ही जोडी ज्याने एकाच यात्रेत पाहिली त्याला माळव्या-निमाडाचं शैवपण समजलं असं मी मानतो.

आता पूल ओलांडून अलीकडे येऊ. ममलेश्वराचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे गर्दी बरीच कमी असते. या पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण या देवळावर आहे, आणि त्याला कारण त्याच्या भिंती आहेत. या भिंतींवर स्तोत्रं कोरलेली आहेत. हलायुधाचं शिवस्तोत्र आहे आणि शिवमहिम्न आहे. लेखावर विक्रम संवत 1120 आहे, म्हणजे इसवी सन 1063. जे महिम्न आपल्याकडे लघुरुद्राच्या वेळी, श्रावणी सोमवारी, आजोबांच्या खणखणीत आवाजात घरोघर ऐकू येतं, ते साडेनऊशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी इथे दगडात उतरवून ठेवलं. या लेखात 31 श्लोक आहेत. आज आपण म्हणतो त्या पाठात चाळीसच्या वर आहेत. काळ्या पर्वताएवढी शाई आणि पृथ्वीचा कागद अशी कल्पना असलेला जो श्लोक सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो या 31 च्या पुढचा. स्तोत्र पिढ्यांच्या तोंडून वाढत कसं जातं हे पाहायला ग्रंथालयात जावं लागतं. इथे ते देवळाच्या भिंतीवर उघड्यावर दिसतं. महिम्न पाठ असलेल्या माणसाने या भिंतीसमोर उभं राहून आपल्या ओळखीची अक्षरं शोधावीत. लिपी जुनी आहे, सगळं लागत नाही, पण एखादा शब्द लागला की अंगावर काटा येतो.

इथे ताम्रपटही सापडले आहेत. परमार राजा जयसिंहाचा इसवी सन 1055 चा ताम्रपट अमरेश्वराच्या पट्टशाळेतल्या ब्राह्मणांच्या भोजनासाठी एक गाव लावून देतो. भोजराजाच्या पाठोपाठ धारच्या गादीवर कोण आलं, हे इतिहासकारांना याच पत्र्यावरून कळलं. दुसरा परमार राजा देवपाल याचा 1225 चा ताम्रपटही मांधात्यालाच मिळाला. राजाने माहिष्मतीला रेवेत, म्हणजे नर्मदेत, स्नान केलं आणि मग दान दिलं, असं त्यात आहे. म्हणजे हे क्षेत्र नुसतं तपस्व्यांचं नव्हतं. इथे शिकणारी-शिकवणारी माणसं राहत होती, त्यांच्या जेवणाची सोय राज्य करत होतं, आणि दानपत्राआधी नदीचं स्नान लागत होतं.

अहिल्याबाई होळकरांचं नाव इथे आल्याशिवाय राहायचं नाही. महेश्वर इथून फार दूर नाही, आणि देशभर घाट व देवळं बांधणाऱ्या या बाईंनी आपल्या घरच्या नदीवरच्या क्षेत्राला काही दिलं नसतं तरच नवल. पण त्यांच्या बांधकामांपेक्षा मला इथली त्यांची एक पूजा थोर वाटते. त्यांनी लिंगार्चनाची व्यवस्था लावून दिली. ब्राह्मण रोज मातीची चिमुकली लिंगं करतात. ओळीने खळगे कोरलेले लाकडी पाट असतात. मळलेल्या मातीची बोटाच्या पेराएवढी गोळी अंगठ्याने दाबून एकेका खळग्यात बसवत जायची, हजार-हजारांनी. मग त्या सगळ्यांची एकत्र पूजा, बेल, अक्षता, मंत्र. आणि पूजा झाली की पाट उचलून सगळी माती नर्मदेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. महेश्वरच्या राजवाड्यात हे लिंगार्चन आजही पाहता येतं. ममलेश्वरला एकेकाळी बावीस ब्राह्मण या कामाला होते, ती संख्या पुढे घटत गेली.

ज्या बाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत दगडात काम केलं, त्यांनी स्वतःच्या नदीवर रोज विरघळणारी पूजा नेमून दिली. पती गेला, सासरे गेले, मुलगा गेला, आणि तरी ज्या राज्य चालवत राहिल्या, त्यांनी ही पूजा का निवडली असेल याचा विचार वाचकाने स्वतःच करावा. विंध्याचं मातीचं लिंग आणि अहिल्याबाईंचं मातीचं लिंग यांच्यात किती शतकं गेली हे सांगता येत नाही, पण माती त्याच काठाची आहे.

बेटाची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरची. वाटेवर गीतेचे श्लोक लिहिलेल्या शिळा लावल्या आहेत. वाट चढउताराची आहे, माकडं आहेत, लिंबूपाणीवाले आहेत, आणि पश्चिम टोकाला संगमावर ऋणमुक्तेश्वर आहे. तिथे हरभऱ्याची डाळ वाहतात, कर्जातून सुटका व्हावी म्हणून. पितृऋण, देवऋण असं पुजारी सांगतात. पण ओंजळीत डाळ घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात सोसायटीचं आणि बँकेचं कर्जही असतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग चढ लागतो. वर गौरी सोमनाथ, आत माणसापेक्षा उंच वाटणारं गुळगुळीत काळं लिंग. आणि पुढे सिद्धनाथ. सिद्धनाथाचं देऊळ अर्धं पडलेलं आहे, छत गेलेलं आहे, पण जोत्यावरची हत्तींची रांग अजून उभी आहे. हत्ती झुंजताहेत, सोंडा अडकवताहेत, कुणाच्या पायाखाली माणूस आहे. एक हत्ती दुसऱ्यासारखा नाही. परमारांच्या काळातल्या शिल्पींचं हे काम पाहताना पाय निघत नाही. माझ्या मते बेटावरचं सर्वांत सुंदर देऊळ हेच, आणि दर्शनाच्या रांगेतली बहुसंख्य माणसं इथवर येतच नाहीत याची खंत वाटते.

पूर्वेच्या टोकाला बीरखळा नावाचे कडे आहेत. हा भाग टाळून पुस्तक लिहिता आलं असतं, पण ते खरं झालं नसतं. मांधात्याच्या राव घराण्याच्या भाटांनी जपलेल्या हकिकतीनुसार 1165 मध्ये भरतसिंह चौहानाने नथू भिल्लाकडून हे बेट घेतलं. पुढचे राव स्वतःला भिलाला म्हणवत, म्हणजे चौहान आणि भिल्ल दोन्ही रक्तांचे, आणि बेटावरच्या देवळांची राखण वंशपरंपरेने त्यांच्याकडे होती. त्याच हकिकतीत दर्यावनाथ गोसाव्याची कथा आहे. काली आणि कालभैरव माणसं खात, म्हणून यात्रेकरू येत नसत. गोसाव्याने तप करून कालीला गुहेत कोंडलं आणि भैरवाला शब्द दिला की ठरावीक काळाने त्याला माणूस मिळेल. त्यातून बीरखळ्यावरून खाली उडी घेऊन देह देण्याची प्रथा सुरू झाली. ती 1824 मध्ये ब्रिटिश अंमलात बंद झाली. कथेवरचा वैदिक-पौराणिक मुलामा बाजूला केला की खाली भिल्लांचं दैवत दिसतं, त्यांचा डोंगर दिसतो. शिवाचं हे बेट आधी कुणाचं होतं हे लक्षात ठेवूनच दर्शन घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मराठी माणसाचं ओंकारेश्वराशी नातं तीन वाटांनी आलं. एक वाट इतिहासाची. नर्मदा ओलांडून उत्तरेत जाणाऱ्या मराठी फौजांना निमाड घरच्यासारखं होतं, आणि थोरले बाजीराव 1740 मध्ये याच नदीच्या काठी, खाली रावेरखेडीला गेले. दुसरी वाट विदर्भाची. खंडव्यावरून जाणाऱ्या मीटर गेज गाडीने अकोल्याकडची माणसं पिढ्यान्पिढ्या मोरटक्क्याला, म्हणजे ओंकारेश्वर रोड स्टेशनला उतरली आणि तिथून पुढचे बारा किलोमीटर मिळेल त्या वाहनाने गेली. दासगणूंच्या श्रीगजाननविजय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात सोमवती अमावास्येला शेगावचे गजानन महाराज भक्तांबरोबर इथे येतात ती कथा आहे. परतताना नाव खडकावर आपटते, तळाला भोक पडतं, भक्त घाबरतात. मग कोळिणीच्या वेषात कुणी बाई भोकाला हात लावून नाव काठाला आणते. विचारल्यावर ती स्वतःला ओंकार कोळ्याची मुलगी नर्मदा म्हणवते. वऱ्हाडातल्या पारायण करणाऱ्या बायकांना नर्मदा भेटली ती अशी, ओल्या लुगड्यातली, कष्टकऱ्याच्या घरची लेक म्हणून. आज शेगाव संस्थानाचं भक्तनिवास ओंकारेश्वरला आहे आणि तिथली स्वच्छता-शिस्त पाहून इतर प्रांतांतले लोकही तिथेच उतरायला पाहतात.

तिसरी वाट परिक्रमेची, आणि गेल्या काही दशकांत ती सर्वांत रुंद झाली. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने मराठी वाचकाला ही वाट दाखवली. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने आणि भारती ठाकूर यांच्या लेखनाने कितीतरी जणांना घराबाहेर काढलं. टेंबे स्वामींनी 1914 मध्ये नर्मदेच्याच काठी गरुडेश्वरला देह ठेवला, त्यामुळे दत्तसंप्रदायाच्या घरांत ही नदी आधीपासून होतीच. परिक्रमा कुठूनही उचलता येते, पण मराठी परिक्रमावासी बहुधा ओंकारेश्वरहून उचलतो. गोमुख घाटावर संकल्प, कन्यापूजन, कढई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, आणि छोट्या बाटलीत भरून घेतलेलं नर्मदाजल. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं. नदीच्या मुखाशी नावेतून पलीकडे जायचं, उत्तर काठाने अमरकंटकला वळसा घालून परत यायचं. 1312 किलोमीटरची नदी, दोन्ही काठ. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस.

या व्रतातला नेम असा की परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदेचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. याचा अर्थ ओंकारेश्वरला संकल्प सोडणारा परिक्रमावासी समोर शिखर दिसत असूनही बेटावर जाऊ शकत नाही. देव हाकेच्या अंतरावर आहे, आरतीची घंटा ऐकू येते, आणि हा ममलेश्वराला नमस्कार करून पश्चिमेला चालू लागतो. सगळी नदी फिरून आल्यावरच त्याने पात्र ओलांडायचं आणि बाटलीतलं पाणी ओंकारेश्वराला वाहायचं. मधल्या काळात त्या पाण्यात वाटेवरच्या घाटांचं पाणी थोडं थोडं मिसळत गेलेलं असतं. इतर तीर्थांत लवकर पोचण्याला महत्त्व असतं. इथे न ओलांडण्याला आहे. दर्शनाच्या आधी नदी पूर्ण समजून घे, अशी अट घालणारं दुसरं क्षेत्र मला ठाऊक नाही.

शंकराचार्यांचं प्रकरण त्या मानाने छोटं ठेवलं आहे, कारण त्यांच्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. केरळातल्या कालडीहून निघालेला मुलगा नर्मदाकाठी गोविंद भगवत्पादांना भेटला आणि शिष्य झाला, ही परंपरा. ओंकारेश्वराच्या देवळाखालची गुहा त्या भेटीची म्हणून दाखवतात. मुलगा दक्षिण टोकाचा, गुरू मध्य देशात, आणि पुढचं काम चारी दिशांना. 21 सप्टेंबर 2023 रोजी मांधाता डोंगरावर बाल शंकराचार्यांच्या 108 फुटी मूर्तीचं अनावरण झालं. मूळ चित्र मुंबईचे वासुदेव कामत यांचं, मूर्तिकार सोलापूरचे भगवान रामपुरे. चेहऱ्यावरची कोवळीक आणि ठामपणा एकत्र पकडणं सोपं नव्हतं, ते या दोघांनी साधलं आहे. डोंगरावरच्या या बांधकामाबद्दल, तोडल्या गेलेल्या झाडांबद्दल आक्षेपही घेतले गेले. मूर्ती उत्तम आहे आणि आक्षेपही रास्त आहेत. ज्या बेटावर डोंगर हाच देव मानून त्याची प्रदक्षिणा करतात, तिथे डोंगर फोडताना हात थरथरायला हवा होता.

आणि धरण. बेटाच्या पूर्वेला, अगदी डोक्याशी, 520 मेगावॉटचा ओंकारेश्वर प्रकल्प उभा आहे. 2007 पासून तिथे वीज तयार होते, आणि आता जलाशयावर तरंगत्या सौरपट्ट्याही आल्या आहेत. वीज लागते, सिंचन लागतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या क्षेत्राचं सगळं शास्त्र वाहत्या पाण्यावर रचलेलं आहे, आणि ते पाणी आता टर्बाइनच्या वेळापत्रकाने येतं. सकाळी ज्या खडकांवर बसून लोक स्नान करतात, तिथे भोंगा वाजल्यावर काही वेळात पाणी चढतं. नवख्या यात्रेकरूला भोंग्याचा अर्थ कळत नाही. धरणातून सोडलेल्या पाण्यात भाविक खडकांवर अडकून पडल्याच्या घटना घडल्या आहेत. वरच्या अंगाला धाराजीला 7 एप्रिल 2005 च्या रात्री, अमावास्येच्या जत्रेत, वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्याने झोपलेली माणसं वाहून गेली. त्याच धाराजीच्या धबधब्याखाली, धावडी कुंडात, नर्मदेची बाणलिंगं घडत. आपल्या देवघरात शाळुंकेत बसलेला गुळगुळीत बाण कदाचित तिथलाच असेल. तो धबधबा आता जलाशयाखाली आहे.

2012 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच ओंकारेश्वर धरणाच्या बुडितातल्या घोघलगावच्या लोकांनी जमिनीच्या बदल्यात जमीन मागत सतरा दिवस छातीभर पाण्यात उभं राहून सत्याग्रह केला. त्यांच्या पायांची सोललेली कातडी सगळ्या देशाने छायाचित्रांत पाहिली. त्याच्याही वर, इंदिरा सागराच्या पाण्यात 2004 मध्ये हरसूद गाव गेलं. त्याच पाण्यात निमाडचे निर्गुणी संत सिंगाजी यांची समाधी उंच बांधून काढून वाचवली. आज तीही पाण्याने वेढलेली आहे. एका जिल्ह्यात दोन बेटं : एक नदीने घडवलेलं, एक जलाशयाने. दोन्हीकडे भाविक जातात. पहिल्याची कथा लिहिताना दुसऱ्याची गाळायची, हे मला जमलं नाही. काही वाचकांना धार्मिक पुस्तकात ही पानं अस्थानी वाटतील. माझं म्हणणं उलट आहे. न ओलांडण्याचा नेम पाळणाऱ्यांच्या, रोज माती नदीला देणाऱ्यांच्या परंपरेत नदीचं काय चाललं आहे हा आधी धर्माचाच प्रश्न आहे.

म्हणून एक मागणी इथेच नोंदवतो. घाटावर पंचांग लावलेलं असतं, तसा पाणी सोडण्याच्या वेळांचा फलक प्रत्येक घाटावर हिंदी, मराठी आणि गुजरातीत ठळक अक्षरांत रोज लागावा. पर्वण्यांच्या दिवशी, निदान सोमवती, कार्तिकी पौर्णिमा आणि श्रावणी सोमवारी, पात्रात एकसारखा प्रवाह राहावा. यात तांत्रिकदृष्ट्या अशक्य असं काही नाही.

पुस्तकाची मांडणी चालण्याच्या क्रमाने आहे. आधी दक्षिण काठ, मग बेट, मग बेटाची परिक्रमा, आणि शेवटी नदीवर वरखाली : महेश्वर, रावेरखेडी, सिंगाजी, धाराजी. उत्तर काठावरच्या सिद्धवरकूट या जैन क्षेत्रावर स्वतंत्र टिपण आहे. तिथल्या परंपरेला ओझरत्या उल्लेखात गुंडाळणं बरं नव्हे. नकाशे हाताने काढलेले आहेत आणि ते पायी जाणाऱ्यासाठी आहेत.

एक काम या पुस्तकात अपुरं राहिलं आहे. केवटांच्या घरांत आणि बेटाभोवतीच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत या क्षेत्राची जी आठवण आहे, ती मला तुटक-तुटकच मिळाली. माझी निमाडी बाजारहाट करण्यापुरती आहे, त्या भाषेतली गाणी आणि ओव्या उतरवून घेण्याइतकी नाही. खानदेशात, मेळघाटात, बऱ्हाणपूरच्या बाजूला निमाडी आणि मराठी दोन्ही घरात बोलली जाते अशी कुटुंबं आहेत. त्यांतल्या कुणा तरुणाने किंवा तरुणीने हे काम हाती घ्यावं आणि लवकर घ्यावं, कारण नाव वल्हवणारी जुनी माणसं थकली आहेत आणि त्यांची मुलं इंजिनाच्या बोटी चालवतात किंवा इंदूरला कामाला जातात. मी जमवलेली टिपणं, वस्त्यांची यादी आणि नकाशे अशा अभ्यासकाला मोकळेपणाने द्यायला तयार आहे.